डेव्हमध्ये चालतं, क्वालिटीत डंप: सॅपमधल्या ‘फंक्शन मॉड्यूल सापडलं नाही’ या एररचा माग

प्रश्न थोडक्यात असा: सॅप या व्यवसाय-सॉफ्टवेअरमधला एक झेड-रिपोर्ट, म्हणजे कंपनीने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, डेव्हलपमेंट सिस्टिममध्ये (‘डेव्ह’) नीट चालतो. ट्रान्सपोर्ट करून क्वालिटीत, म्हणजे चाचणीच्या सिस्टिममध्ये, नेला की ‘कॉल_फंक्शन_नॉट_फाउंड’ असा डंप (प्रोग्रॅम कोसळल्याचा अहवाल) पडतो. सिंटॅक्स चेक दोन्हीकडे स्वच्छ आहे. कॉलच्या ‘एक्सेप्शन्स’ यादीत ‘अदर्स’, म्हणजे ‘बाकी सगळे अपवाद’, लिहिलेलं असूनही प्रोग्रॅम कोसळतो. शोध कुठून सुरू करायचा?

आधी यातली दोन कोडी सोडवतो, कारण ती सुटली की पुढचा रस्ता बराच सोपा होतो.

सिंटॅक्स चेकला काही सापडत नाही, कारण अबॅप या सॅपच्या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘कॉल फंक्शन’च्या पुढे येतं ते फंक्शन मॉड्यूलचं (नावाने बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्याचं) नाव कंपायलरच्या दृष्टीने फक्त एक मजकूर असतं. अवतरणचिन्हांत थेट लिहिलेलं असो की व्हेरिएबलमधून आलेलं असो, त्या नावाचं मॉड्यूल खरोखर आहे का, हे ती ओळ प्रत्यक्ष चालते तेव्हाच तपासलं जातं. म्हणून अस्तित्वात नसलेल्या मॉड्यूलला बोलावणारा प्रोग्रॅम ॲक्टिव्हेट होतो, रिलीज होतो, इम्पोर्टही होतो. त्या विशिष्ट फांदीत शिरण्याची वेळ आली नाही, तर महिनोन्‌महिने कुणाला कळतही नाही.

दुसरं कोडं ‘अदर्स’चं. ‘एक्सेप्शन्स’खाली लिहिलेली यादी ही बोलावलेल्या मॉड्यूलने स्वतः उठवलेल्या अपवादांसाठी असते. मॉड्यूलच नसेल तर ते अपवाद उठवणार कुठून? ही चूक रनटाइम स्वतः दाखवतो, ‘सीएक्स_एसवाय_डायन_कॉल_इलीगल_फंक’ या क्लासच्या रूपाने. ती पकडायची तर ‘ट्राय… कॅच’च हवं. मात्र दुसऱ्या सिस्टिममधलं मॉड्यूल ‘डेस्टिनेशन’ देऊन बोलावलं असेल तर हिशेब बदलतो. तिथे ‘सिस्टिम_फेल्युअर’ आणि ‘कम्युनिकेशन_फेल्युअर’ या दोन नावांनी चूक परत येते आणि ती ‘एक्सेप्शन्स’मध्ये पकडता येते. त्याबद्दल पुढे बोलू.

सुरुवात एसटी२२ मधून, म्हणजे डंप पाहण्याच्या स्क्रीनमधून करा (एसटी२२, एसई३७ असे कोड म्हणजे सॅपमधले स्क्रीन उघडण्याचे ट्रान्झॅक्शन कोड). डंप उघडल्यावर बहुतेक जण वरची दोन वाक्यं वाचून थेट एसई३७ (फंक्शन मॉड्यूल पाहण्याचा स्क्रीन) कडे धावतात. तसं न करता चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या. मॉड्यूलचं नाव, अगदी अक्षर न्‌ अक्षर. कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या इन्क्लूडमधल्या कितव्या ओळीवर प्रोग्रॅम थांबला. कोणता ॲप्लिकेशन सर्व्हर, कोणता क्लायंट, कोणता युजर. आणि सोर्स कोडच्या उताऱ्यात त्या ओळीवर नाव थेट लिहिलंय की व्हेरिएबल आहे. व्हेरिएबल असेल तर डंपमधल्या निवडक व्हेरिएबल्सच्या भागात त्याची त्या क्षणाची किंमत मिळते. जुने डंप ठरावीक काळाने साफसफाईच्या जॉबमध्ये पुसले जातात, म्हणून महत्त्वाचा डंप असेल तर एसटी२२ मधूनच तो राखून ठेवा.

नाव थेट लिहिलेलं आहे की बाहेरून आलंय, हा या तपासातला सगळ्यांत मोठा फाटा आहे. थेट लिहिलेलं असेल तर संशय बहुतेक वेळा ट्रान्सपोर्टवर. बाहेरून आलेलं असेल तर संशय कॉन्फिगरेशनवर.

आता क्वालिटीत एसई३७ उघडून ते नाव टाका. दिसलं नाही तर एसई१६ (टेबल पाहण्याचा स्क्रीन) मधून टीएफडीआयआर टेबल पाहा. प्रत्येक फंक्शन मॉड्यूलची इथे एक ओळ असते: मॉड्यूलचं नाव, ते ज्या मेन प्रोग्रॅममध्ये राहतं त्याचं नाव (‘एसएपीएल’ आणि पुढे फंक्शन ग्रुपचं, म्हणजे मॉड्यूल्स एकत्र ठेवणाऱ्या गटाचं, नाव) आणि इन्क्लूडचा क्रमांक. ओळच नसेल तर मॉड्यूल या सिस्टिममध्ये नाही, विषय संपला. ओळ असूनही ‘सापडलं नाही’ म्हणत असेल तर बोलावलेलं नाव आणि टेबलातलं नाव यांत काहीतरी फरक आहे, किंवा तुम्ही भलत्याच सिस्टिममध्ये बघत आहात.

मॉड्यूल क्वालिटीत नाहीच

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून हीच शक्यता सर्वांत जास्त. मॉड्यूल डेव्हमध्ये आहे, पण रिपोर्टबरोबर प्रवासाला निघालंच नाही.

पहिला संशयित डॉलर-टीएमपी, म्हणजे ट्रान्सपोर्ट न होणारं लोकल पॅकेज. फंक्शन ग्रुप घाईत लोकल ऑब्जेक्ट म्हणून सेव्ह केला की त्यातलं काहीही रिक्वेस्टमध्ये (बदल पुढच्या सिस्टिममध्ये नेणाऱ्या गठ्ठ्यात) जात नाही आणि सिस्टिम विचारतही नाही. रिपोर्ट झेड-पॅकेजमध्ये असल्यामुळे त्याला रिक्वेस्ट मिळते, ती रिलीज होते आणि सगळं गेलं असं वाटतं. तपासायचं कसं, तर डेव्हमध्ये टीएडीआयआर, म्हणजे ऑब्जेक्टच्या नोंदींचं टेबल, उघडा आणि आर३टीआर, एफयूजीआर आणि फंक्शन ग्रुपचं नाव टाकून पॅकेज पाहा. इथे फंक्शन मॉड्यूलचं नाव टाकून शोधू नका. मॉड्यूलची स्वतःची नोंद टीएडीआयआरमध्ये नसते, ती असते त्याच्या ग्रुपची. डॉलर-टीएमपी दिसलं तर ऑब्जेक्ट डिरेक्टरी एंट्रीतून पॅकेज बदला आणि अख्खा ग्रुप रिक्वेस्टमध्ये घ्या.

दुसरा संशयित अर्धवट ऑब्जेक्ट. ट्रान्सपोर्टमध्ये अख्खा ग्रुप ‘आर३टीआर एफयूजीआर’ म्हणून जातो आणि एकटं मॉड्यूल ‘लिमू फंक’ म्हणून. नवा ग्रुप पहिल्यांदा सेव्ह करताना तो एका रिक्वेस्टमध्ये पडतो. दोन आठवड्यांनी त्याच ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणी नवं मॉड्यूल केलं तर ते त्याच्या रिक्वेस्टमध्ये ‘लिमू फंक’ म्हणून जातं. ग्रुपवाली रिक्वेस्ट अजून रिलीजच झालेली नसेल तर एकटं मॉड्यूल क्वालिटीत पोचून राहणार कुठे? इम्पोर्ट रिटर्न कोड ८ देतो आणि लॉगमध्ये ग्रुप नसल्याची ओळ असते. म्हणून ‘इम्पोर्ट झालं’ या निरोपावर कधीही थांबू नका. रिटर्न कोड पाहा: ० म्हणजे स्वच्छ, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे काहीतरी गेलेलं नाही, १२ म्हणजे आयातच कोसळली. ४ सुद्धा उघडून वाचण्याची सवय ठेवा.

तिसरा प्रकार कमी वेळा दिसतो, पण दिसला की माणसं दिवस घालवतात. डेव्हमध्ये मॉड्यूल एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये हलवलेलं असतं. क्वालिटीत ते जुन्या ग्रुपमध्येच आहे. नव्या ग्रुपसह इम्पोर्ट करताना सिस्टिम तक्रार करते की हे मॉड्यूल आधीच्या ग्रुपमध्ये बसत नाही. क्रम चुकला आणि जुन्या ग्रुपमधून काढून टाकणारी रिक्वेस्ट नंतर गेली, तर मॉड्यूल दोन्हीकडून नाहीसं होऊ शकतं. असं हलवलेलं मॉड्यूल असेल तर दोन्ही ग्रुप एकाच रिक्वेस्टमध्ये, पूर्ण एफयूजीआर म्हणून पाठवा.

याच्याच जवळचा धोका डिलीट केलेल्या मॉड्यूलचा. एखादं मॉड्यूल उघड्या रिक्वेस्टमध्ये नोंदलेलं असताना डेव्हमध्ये ते पुसलं किंवा नाव बदललं, तर रिलीजच्या वेळी ते मूळ सिस्टिममध्ये नसतं. मग एक्सपोर्ट ‘हे पुसायचं आहे’ अशीच नोंद घेतो आणि पुढच्या सिस्टिममध्ये ते पुसलं जातं. नाव बदलून चार ठिकाणचे कॉल सुधारले, पाचवं राहिलं, की पाचव्या ठिकाणी डंप.

कोणती रिक्वेस्ट कुठे आहे, हे एसई०३ मधल्या रिक्वेस्टमध्ये ऑब्जेक्ट शोधण्याच्या सोयीतून निघतं. ‘लिमू फंक’ मॉड्यूलच्या नावाने आणि ‘आर३टीआर एफयूजीआर’ ग्रुपच्या नावाने, असं दोनदा शोधा. एकाच शोधावर विसंबलात तर अर्धी रिक्वेस्ट सुटते. मिळालेले क्रमांक क्वालिटीच्या इम्पोर्ट लॉगशी ताडून पाहा: रिलीज झालीय का, बफरमध्ये आहे का, आत गेलीय का, कोणत्या क्रमाने गेलीय. एसटीएमएसच्या, म्हणजे इम्पोर्टच्या, रांगेत क्रम असतो, पण कुणी एकेक रिक्वेस्ट निवडून आत घेतली तर तो क्रम मोडतो. रिपोर्ट सोमवारी आणि मॉड्यूल बुधवारी आत गेलं, तर मधल्या दोन दिवसांत डंप पडणारच. तो दोष नव्हे, क्रमाची चूक. एसटी२२ मधली डंपची वेळ आणि इम्पोर्टची वेळ शेजारी ठेवली की हे दोन मिनिटांत उलगडतं.

मॉड्यूल आहे पण ॲक्टिव्ह नाही, ही वेगळी गोष्ट. तिला बहुधा ‘कॉल_फंक्शन_नॉट_ॲक्टिव्ह’ असं वेगळं नाव येतं. आणि ग्रुपमधल्या दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये सिंटॅक्सची चूक असेल तर ‘सिंटॅक्स_एरर’चा डंप पडतो, कारण ग्रुपमधली सगळी मॉड्यूल्स मिळून एकच प्रोग्रॅम असतो. एकाची चूक सगळ्यांना भोवते. ही नावं नीट वाचा. दिसायला सारखी वाटली तरी उपाय पूर्ण वेगळे आहेत.

नाव जवळजवळ बरोबर आहे

नाव कॅपिटल अक्षरांतच द्यावं लागतं. अवतरणचिन्हांत लहान अक्षरं टाकली तर मॉड्यूल डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. प्रिटी प्रिंटर कीवर्ड मोठे करतो, अवतरणांतला मजकूर मात्र तसाच ठेवतो, त्यामुळे तो तुम्हाला वाचवत नाही. नाव व्हेरिएबलमध्ये जुळवत असाल तर कॉलच्या आधी ते मोठ्या अक्षरांत बदलून घ्या.

दुसरी नेहमीची गफलत लांबीची. फंक्शन मॉड्यूलचं नाव ३० अक्षरांपर्यंत असू शकतं. कुणी नाव धरायला २० अक्षरांचं व्हेरिएबल ठेवलं असेल तर शेपूट मुकाट्याने कापलं जातं, चूक कुठेच दिसत नाही आणि डंपमध्ये अर्धवट नाव येतं. नावाचा शेवट तुटल्यासारखा दिसला की आधी व्हेरिएबलचा टाइप बघा. ‘आरएस३८एल_एफएनएएम’ हा ३० अक्षरांचा तयार टाइप आहे, तोच वापरा.

आणि एक्सेलमधून चिकटवलेली नावं. कॉन्फिगरेशनच्या टेबलमध्ये कुणी एक्सेलमधून कॉपी करून नाव टाकलं, तर त्याबरोबर न तुटणारी मोकळी जागा येऊ शकते. डोळ्यांना ती साध्या स्पेससारखीच दिसते. शेवटी असलेली साधी स्पेस सहसा त्रास देत नाही, पण हे वेगळं अक्षर आहे. डीबगरमध्ये व्हेरिएबलची हेक्साडेसिमल किंमत पाहा. युनिकोड सिस्टिममध्ये साधी स्पेस ००२० असते आणि ही ००ए० (काही सर्व्हरवर बाइट उलट क्रमाने, म्हणजे २००० आणि ए०००, दिसतात).

जनरेट होणारी मॉड्यूल्स

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण इथे कोड बरोबर, ट्रान्सपोर्ट बरोबर आणि तरीही डंप, अशी स्थिती येते.

स्मार्टफॉर्म, म्हणजे सॅपमधला छापील कागदाचा आराखडा, हे सर्वांत ठळक उदाहरण. जीएसटी इनव्हॉइसचा फॉर्म डेव्हमध्ये ॲक्टिव्हेट केला की सिस्टिम त्यासाठी एक फंक्शन मॉड्यूल तयार करते. त्याचं नाव ‘/१बीसीडीडब्ल्यूबी/एसएफ’ आणि पुढे आठ आकडी क्रमांक असं असतं. हा क्रमांक त्या सिस्टिमपुरता असतो. क्वालिटीत तोच फॉर्म गेला की तिथे वेगळा क्रमांक मिळतो, कारण ट्रान्सपोर्ट होतो तो फॉर्म, त्याचं जनरेट झालेलं मॉड्यूल होत नाही. प्रिंट प्रोग्रॅममध्ये डेव्हचं नाव थेट लिहिलेलं असेल तर क्वालिटीत डंप पडतो. कधी त्याहून वाईट होतं: तोच क्रमांक तिथे दुसऱ्या फॉर्मचा निघतो आणि पॅरामीटर न जुळल्याचा, किंवा भलताच कागद छापला गेल्याचा प्रकार घडतो.

डंपमधल्या नावाची सुरुवात अशी असेल तर दुसरं काहीही तपासण्याआधी प्रिंट प्रोग्रॅम उघडा. उपाय ठरलेला आहे. आधी ‘एसएसएफ_फंक्शन_मॉड्यूल_नेम’ बोलवायचं, त्याला फॉर्मचं नाव द्यायचं, त्याच्याकडून मॉड्यूलचं नाव व्हेरिएबलमध्ये घ्यायचं आणि पुढचा कॉल त्या व्हेरिएबलवर करायचा. त्या सिस्टिममध्ये मॉड्यूल अजून जनरेट झालेलं नसेल तर हाच कॉल ते करवून घेतो. त्याचे ‘नो_फॉर्म’ आणि ‘नो_फंक्शन_मॉड्यूल’ हे दोन्ही अपवाद हाताळा. ‘नो_फॉर्म’ आला तर फॉर्मच क्वालिटीत पोचलेला नाही. ॲडोबी फॉर्मसाठी हेच काम ‘एफपी_फंक्शन_मॉड्यूल_नेम’ करतं.

ही चूक होते कशी? पॅटर्नच्या बटणाने कॉल टाकताना जनरेट झालेलं नाव द्यावं लागतं, म्हणजे पॅरामीटरचा सांगाडा तयार मिळतो. ते सोयीचं आहे. पण सांगाडा मिळाल्यावर अवतरणांतलं नाव पुसून व्हेरिएबल टाकणं राहून जातं. डेव्हमध्ये चाचणी करताना काहीच चुकत नाही.

लॉक ऑब्जेक्टचंही (एकाच नोंदीवर दोघांनी एकाच वेळी काम करू नये म्हणून असतो तो) तसंच. ‘एन्क्यू_’ने सुरू होणारं म्हणजे ‘एन्क्यू_ईझेड…’ आणि त्याची जोडी ‘डीक्यू_ईझेड…’ ही मॉड्यूल्स तुम्ही लिहीत नाही. एसई११ मध्ये लॉक ऑब्जेक्ट ॲक्टिव्हेट झाला की ती तयार होतात. क्वालिटीत ती नसतील तर लॉक ऑब्जेक्ट गेला नाही, किंवा गेला पण तिथे ॲक्टिव्हेट होताना अडकला, बहुधा मूळ टेबलच तिथे नाही म्हणून. ॲक्टिव्हेशन लॉग वाचा आणि आधी टेबल दुरुस्त करा.

एसएम३० (टेबलातल्या नोंदी भरण्याचा स्क्रीन) मधून झेड-टेबल उघडताना ‘टेबलफ्रेम_’, ‘टेबलप्रॉक_’ किंवा व्ह्यूच्या बाबतीत ‘व्ह्यूफ्रेम_’, ‘व्ह्यूप्रॉक_’ असं नाव डंपमध्ये आलं तर ते टेबल मेंटेनन्स जनरेटरचं मॉड्यूल आहे. टीव्हीडीआयआर टेबलमध्ये त्या टेबलासमोर फंक्शन ग्रुपचं नाव लिहिलेलं असतं. तिथे ग्रुप नोंदलेला आहे, पण तो ग्रुप या सिस्टिममध्ये नाही, अशी अर्धवट अवस्था सापडते. मेंटेनन्स डायलॉग एका रिक्वेस्टमध्ये आणि त्याचा ग्रुप दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये, किंवा ग्रुप डॉलर-टीएमपीमध्ये, अशी कारणं असतात. दुरुस्ती डेव्हमध्येच करा: योग्य पॅकेजमधला ग्रुप देऊन पुन्हा जनरेट करा आणि दोन्ही एकाच रिक्वेस्टमध्ये पाठवा.

डोमेनवर (फील्डच्या व्याख्येवर) कन्व्हर्जन रूटीन, म्हणजे किंमत साठवताना आणि दाखवताना तिचं रूप बदलणारा कोड, लावलेलं असेल तर त्याचीही दोन मॉड्यूल्स हवीत. रूटीनचं नाव पाच अक्षरांपर्यंत असतं आणि त्यावरून ‘कन्व्हर्जन_एक्झिट_’ अधिक ते नाव अधिक ‘_इनपुट’ किंवा ‘_आउटपुट’ असं मॉड्यूलचं नाव बनतं. ‘अल्फा’ हे सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. झेड-रूटीन डोमेनबरोबर आपोआप जात नाही, त्याचा ग्रुप तुम्हालाच पाठवावा लागतो.

नाव कॉन्फिगरेशनमधून येत असेल तर

डंपच्या ओळीवर नावाऐवजी व्हेरिएबल आहे आणि तो प्रोग्रॅम सॅपचा स्टँडर्ड आहे. अशा वेळी स्टँडर्ड कोडमध्ये चूक शोधत बसू नका. त्याला ते नाव कुणीतरी दिलंय.

मुख्य कारण असं की कॉन्फिगरेशन कस्टमायझिंग रिक्वेस्टमधून जातं आणि कोड वर्कबेंच रिक्वेस्टमधून. दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडे असतात. फंक्शनल कन्सल्टंट आपली रिक्वेस्ट रिलीज करतो, डेव्हलपरची अजून उघडीच असते. वरती टेबलमध्ये नाव पोचतं, मॉड्यूल पोचत नाही. आणि मग ज्याने कधी तो रिपोर्ट चालवलाही नाही, त्या अकाउंट्समधल्या युजरला साधा व्हाउचर पोस्ट करताना डंप मिळतो.

फायनान्समध्ये असं झालं तर पहिला थांबा एफआयबीएफ. बिझनेस ट्रान्झॅक्शन इव्हेंट्सना जोडलेली झेड-मॉड्यूल्स तिथे दिसतात. मागे टेबलं टीबीई३४ आणि टीपीएस३४ ही आहेत. आयडॉक (सिस्टिम एकमेकींना पाठवतात तो डेटाचा संदेश) आत येताना अडकला असेल तर डब्ल्यूई२० मधल्या पार्टनर प्रोफाइलवरून प्रोसेस कोड घ्या, बीडी६७ मध्ये त्या कोडसमोरचं मॉड्यूल पाहा आणि बीडी५१ मध्ये त्या मॉड्यूलची नोंद आहे का तेही बघा. चेंज पॉइंटर (डेटातल्या बदलांच्या नोंदी) वाचणारा जॉब पडत असेल तर बीडी६० मध्ये मेसेज टाइपसमोरचं मॉड्यूल. वर्कफ्लो असेल तर एसडब्ल्यूई२ मधलं रिसीव्हर आणि चेक मॉड्यूल.

यांपैकी कशातच सापडलं नाही तर डंपमधल्या कॉल स्टॅकवर एकेक पायरी वर चढत जा आणि ते व्हेरिएबल कुठल्या ‘सिलेक्ट’मधून भरलं गेलं ते शोधा. ‘व्हेअर-यूज्ड’ इथे मदत करत नाही, कारण नाव कोडमध्ये नाहीच. कोडमध्ये तुकडे जोडून नाव बनवलेलं असेल तर ‘आरएस_अबॅप_सोर्स_स्कॅन’ने नावाच्या सुरुवातीच्या तुकड्यावर शोध घ्या.

क्लायंटचाही विचार करा. फंक्शन मॉड्यूल सर्व क्लायंटमध्ये एकच असतं, पण हे कॉन्फिगरेशन बहुतेक वेळा क्लायंटनिहाय असतं. म्हणून त्याच क्वालिटी सिस्टिममध्ये एका क्लायंटमध्ये चालतं आणि दुसऱ्यात डंप, असं दिसू शकतं. तसं दिसलं की मॉड्यूल शोधणं थांबवा आणि दोन क्लायंटमधल्या टेबलांच्या ओळी शेजारी ठेवून पाहा.

दुसऱ्या सिस्टिममधलं मॉड्यूल

कॉलमध्ये ‘डेस्टिनेशन’ असेल तर मॉड्यूल तिकडे हवं, तुमच्याकडे नव्हे. आणि डंपही बहुधा तिकडच्या एसटी२२ मध्ये असतो. तुमच्याकडे ‘सिस्टिम_फेल्युअर’ पकडलेलं नसेल तर तुमच्याकडेही एक पडतो, ‘कॉल_फंक्शन_रिमोट_एरर’ या नावाचा. पकडत असाल तर त्याबरोबर ‘मेसेज’ जोडून तो मजकूर साठवा. नुसता रिटर्न कोड ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिकडे नक्की काय झालं ते कधीच कळत नाही.

एसएम५९ (डेस्टिनेशनच्या नोंदींचा स्क्रीन) मध्ये ते डेस्टिनेशन उघडून होस्ट आणि क्लायंट नीट वाचा. क्वालिटी प्रॉडक्शनच्या कॉपीने ताजी केल्यानंतर डेस्टिनेशन जुन्याच ठिकाणी बोट दाखवत राहतं, ही फार नेहमीची गोष्ट आहे. कनेक्शन टेस्ट हिरवी आली म्हणजे पत्ता बरोबर, असं नाही. चुकीच्या घराचंही दार उघडतं. रिमोट लॉगऑन करून तिथला सिस्टिम आयडी डोळ्यांनी पाहा आणि तिथेच एसई३७ उघडा.

मॉड्यूल तिकडे आहे पण ॲट्रिब्यूट्समध्ये ‘रिमोट-एनेबल्ड’ नाही, तर ‘कॉल_फंक्शन_नॉट_रिमोट’ येतं. ‘स्टार्टिंग न्यू टास्क’ने स्वतःच्याच सिस्टिममध्ये समांतर कॉल करतानाही हीच अट लागू आहे, तिथे लोक हमखास अडखळतात. अधिकार नसेल तर ‘आरएफसी_नो_ऑथॉरिटी’ येतं, तेव्हा एस_आरएफसी ऑब्जेक्टमध्ये त्या मॉड्यूलला किंवा त्याच्या ग्रुपला परवानगी आहे का ते पाहा.

जावामधून जेकोने (सॅपला जोडणाऱ्या जावा लायब्ररीने) कॉल करणाऱ्यांना ‘एफयू_नॉट_फाउंड’ दिसतं, किंवा रिपॉझिटरीकडे मॉड्यूल मागितल्यावर ‘नल’ परत येतं आणि पुढच्या ओळीवर नल-पॉइंटरची चूक पडते. ती जावाची चूक वाटते, मूळ सॅपकडे असतं. जेको मॉड्यूलचा आराखडा कॅशमध्ये ठेवतो. सॅपकडे मॉड्यूलचे पॅरामीटर बदलले असतील तर रिपॉझिटरीची कॅश रिकामी करा किंवा ॲप्लिकेशन रीस्टार्ट करा.

अपग्रेडनंतर

जुना झेड-कोड सॅपची अशी मॉड्यूल्स वापरतो जी सॅपने कधी बाहेरच्यांसाठी ‘रिलीज’ केलेली नव्हती. एसई३७ च्या ॲट्रिब्यूट्समध्ये तसं लिहिलेलं असतं. सॅप ती कधीही बदलू किंवा काढू शकते. एस/४ हाना या सॅपच्या नव्या पिढीच्या सॉफ्टवेअरमध्ये तर काही ऑब्जेक्ट जागेवर असूनही बाहेरच्या कोडसाठी बंद केलेले आहेत. त्यांना हात लावला की ‘सिस्टिम_अबॅप_ॲक्सेस_डिनाइड’ हा डंप येतो. हा ‘सापडलं नाही’ नव्हे, तरी टीममध्ये दोन्हींची गल्लत होते. ‘डब्ल्यूएस_डाउनलोड’सारखे कॉल अजून कोडमध्ये असतील तर ‘जीयूआय_डाउनलोड’ किंवा ‘सीएल_जीयूआय_फ्रंटएंड_सर्व्हिसेस’ क्लासकडे वळवा. हे शोधायला डंपची वाट पाहू नका, एस/४ वर जाण्याआधी एटीसी या कोड तपासण्याच्या साधनातल्या एस/४ तपासण्या सगळ्या झेड-कोडवर चालवा.

नाव झेडने सुरू न होणारं, सॅपचंच असेल आणि डेव्हमध्ये चालत असेल, तर दोन्हीकडच्या सिस्टिम-स्टेटसमधून कॉम्पोनंटची यादी आणि सपोर्ट पॅक पातळी ताडून पाहा. पातळी सारखी असेल तर एसनोटमध्ये (सॅपच्या दुरुस्त्या लावण्याचा स्क्रीन) अलीकडच्या नोट्स बघा. एखादी नोट अर्धवट लागलेली असली की कॉल येतो, पण ज्याला कॉल आहे ते मॉड्यूल यायचं राहतं.

एकाच ॲप्लिकेशन सर्व्हरवर डंप आणि बाकी सर्व्हरवर ठीक, असं असेल तर बफरचा संशय घ्या आणि बेसिस टीमला (सिस्टिम सांभाळणाऱ्यांना) सांगा. ‘/$सिंक’ टाकून सगळे बफर रिकामे करणं प्रॉडक्शनमध्ये स्वतःच्या मनाने करू नका. सगळ्या युजरना मंदपणा जाणवतो आणि खरं कारण झाकलं जातं.

पुन्हा होऊ नये म्हणून, आणि झाल्यावर मागे राहिलेलं

स्थिर नावाचे कॉल एसएलआयएन, म्हणजे विस्तारित तपासणी पकडते. साधा सिंटॅक्स चेक जे सोडतो ते ती बघते. ही तपासणी रिक्वेस्ट रिलीज होण्याच्या वेळी एटीसीतून सक्तीची करून घ्या.

कॉन्फिगरेशनमधून येणाऱ्या नावासाठी कॉलच्या आधी ‘फंक्शन_एक्झिस्ट्स’ने तपासा किंवा ‘ट्राय… कॅच’ लावा. पण पकडल्यावर मुकाट पुढे जाऊ नका. मॉड्यूल नाही म्हणून कर मोजलाच गेला नाही आणि डॉक्युमेंट मात्र पोस्ट झालं, यापेक्षा डंप कितीतरी बरा. काय हरवलंय ते नाव घालून युजरला स्पष्ट मेसेज द्या आणि पोस्टिंग थांबवा.

प्रॉडक्शनमध्ये डंप थांबवण्यासाठी त्या नावाचं रिकामं मॉड्यूल तयार करायचा सल्ला कधीकधी दिला जातो. तो ऐकू नका. डंप थांबतो, चुकीचा डेटा सुरू होतो, आणि नंतर खरं मॉड्यूल ट्रान्सपोर्टने आणताना ग्रुपचा झगडा होतो तो वेगळाच. तातडी असेल तर कॉन्फिगरेशनमधली ती ओळ तात्पुरती काढा, तीही रिक्वेस्टमधून आणि संबंधित फंक्शनल व्यक्तीला विचारून.

मॉड्यूल पोचल्यावर मागे काय अडकलंय ते पाहा. कॉल ‘इन अपडेट टास्क’ असेल तर एसएम१३ मध्ये थांबलेल्या नोंदी असतात. त्यातल्या व्ही१ च्या (मुख्य, आधी होणाऱ्या अपडेटच्या) नोंदी आंधळेपणाने ‘रिपीट’ करू नका. मधल्या वेळात युजरने तेच डॉक्युमेंट पुन्हा केलेलं असू शकतं, स्टॉक आणि किमती बदललेल्या असतात. प्रत्येक नोंद युजरशी बोलून ठरवा, बहुतेक वेळा नव्याने एंट्री करणंच योग्य ठरतं. व्ही२ च्या (दुय्यम) नोंदी तुलनेने सुरक्षित असतात. ट्रान्झॅक्शनल आरएफसी (दुसऱ्या सिस्टिमला जाणारे कॉल) अडकले असतील तर एसएम५८ मध्ये त्याच मजकुरासह दिसतील, रांगेतले एसएमक्यू१ आणि एसएमक्यू२ मध्ये. रांगेतली पहिली नोंद मोकळी झाल्याशिवाय मागच्या हलत नाहीत, म्हणून तिच्यापासून सुरुवात करा. आयडॉक बीडी८७ मधून पुन्हा चालवा, आधी एकच, आणि त्याचं डॉक्युमेंट तपासून मगच बाकीचे.